ट्रकच्या धंद्यात वरपर्यंत कसं जायचं, गोव्यातून सुरुवात करून

आमच्या डिचोली-सत्तरीकडे ट्रक म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती लाल धूळ आणि एकामागोमाग एक जाणारे मायनिंगचे टिप्पर, मधून स्कूटर घालायची म्हणजे देवाचं नाव घ्यायचं. मी ट्रकच्या डीलरकडे नोकरी धरली तेव्हा आईला वाटलं पोरगा इंजिनियर होऊन ड्रायव्हर झाला, शेजाऱ्यांना बरेच दिवस ती "गॅरेजात आहे" असंच सांगायची. आता पंचवीसेक वर्षं झाली, वर्कशॉपच्या पिटमधून निघून तीन राज्यांचा बिझनेस सांभाळून झाला, तरी चवथीला, म्हणजे गणपतीला, घरी गेलो की कोणीतरी विचारतंच, तू नक्की करतोस काय रे? आणि त्याच्याच मागे त्याचा मुलगा उभा असतो, मेकॅनिकल झालेला, नाहीतर बीकॉम, त्याला विचारायचं असतं की ह्या लाइनीत शिरायचं कसं. दरवर्षी तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी हे समजून घ्या की सगळे ट्रक एक नाहीत. मुंबईहून माल भरून कोचीला जाणारी गाडी वेगळी आणि कामाची गाडी वेगळी. टिप्पर, काँक्रीटचा मिक्सर, कचऱ्याचा कॉम्पॅक्टर, पाण्याचा टँकर, हॉटेलांची सेप्टिक टाकी उपसणारा टँकर, स्ट्रीटलाइटवाल्यांची शिडीची गाडी, मासळीची रीफर म्हणजे थंड डब्याची गाडी, ह्या सगळ्या कामाच्या गाड्या. कंपनी नुसती चॅसिस देते, म्हणजे इंजिन-चाकांसकट खालचा सांगाडा, वरची बॉडी बहुतेक वेळा दुसराच कोणीतरी बांधतो, पैसा तिसरा देतो आणि वापरतो चौथा. अमेरिकेत ह्याला वर्क ट्रक म्हणतात आणि ती चक्क वेगळी इंडस्ट्री आहे, एनटीईए नावाची त्यांची असोसिएशन १९६४ पासून आहे, दर मार्चला इंडियानापोलिसला त्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, आणि नॅफाइडसारखी बॉडी बांधणारी कंपनी १८४८ साली घोडागाड्या बनवायची ती आज ट्रकच्या बॉड्या बनवते. तिकडे माणूस ह्याच लाइनीत आयुष्य काढून प्रेसिडेंट होतो. आपल्याकडे हे काम चॅसिस कंपनी, डीलर, बॉडीबिल्डर आणि फायनान्सवाला ह्यांच्यात वाटून गेलंय, आणि प्रत्येकाला फक्त आपलाच तुकडा माहीत असतो. ज्याला चारही तुकडे कळतात तो माणूस फार कमी सापडतो, आणि वरच्या खुर्च्या त्यालाच मिळतात. मला तरी माझी त्यामुळेच मिळाली, हुशार माझ्यापेक्षा पुष्कळ जण होते.

शिरायचं कुठून

गोव्यात बसून हे सांगताना लोक हसतात, म्हणतात इथे काय आहे, बीच आणि फार्मा. अरे, सत्तरीतल्या होंडा गावाला जाऊन या. ऑटोमोबाइल कॉर्पोरेशन ऑफ गोवा, आपण ज्याला एसीजीएल म्हणतो, ती १९८० साली टाटांची तेव्हाची टेल्को आणि गोव्याचं आर्थिक विकास महामंडळ, ईडीसी, ह्यांनी मिळून काढली, होंड्याला पत्र्याचं प्रेसिंग आणि भुईपालला बसच्या बॉड्या. सत्तरीतल्या कितीतरी घरांत त्या कंपनीचा टिफिन गेलाय. तिथे अप्रेंटिस म्हणून एक वर्ष जरी काढलं तरी बॉडी म्हणजे काय, जिग म्हणजे पत्रे जोडताना जागेवर धरणारा साचा काय असतो, वेल्डिंग कुठे तडकतं, दरवाजा दोन मिलिमीटर खाली बसला तर पुढे काय काय होतं हे कळतं, आणि हे कुठल्याही कॉलेजात कोणी शिकवत नाही.

फर्मागुडीचं इंजिनियरिंग, मयेचं पॉलिटेक्निक किंवा आयटीआय, काहीही चालेल. बीकॉमवाल्यांनी फायनान्सच्या दारातून यावं, एनबीएफसीत, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज कंपनीत, कमर्शियल व्हेइकल डेस्क असतो, तिथे जुन्या गाडीची किंमत करायला शिकायला मिळतं आणि ते शिक्षण मी सगळ्यात वर ठेवतो. नवीन गाडीची किंमत ब्रोशरवर छापलेली असते हो, पण सात वर्षं खाणीत धावलेल्या टिप्परची किंमत करायची तर चॅसिसचा क्रॅक, टायर, इंजिनचा धूर, कागदपत्रं आणि मालकाचा चेहरा असं पाच ठिकाणी बघावं लागतं.

आणि एक चूक करू नका, पहिलीच नोकरी सेल्समध्ये धरायची. सगळ्यांना तेच हवं असतं कारण बाइक अलाउन्स मिळतो आणि शर्ट इस्त्रीचा राहतो. पहिली दोन-तीन वर्षं सर्व्हिसला द्या. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणून सकाळी जॉब कार्ड उघडायचं, ड्रायव्हर जे सांगतो ("गाडी ओढत नाही") त्याचं मेकॅनिकच्या भाषेत भाषांतर करायचं, पार्ट नसला तर बेळगावहून संध्याकाळच्या बसने मागवायचा, वॉरंटी क्लेम रिजेक्ट झाला तर मालकाच्या शिव्या खायच्या. मी पहिल्या पावसाळ्यात चोर्ला घाटात ब्रेकडाउनला गेलो होतो, रात्रीचे दीड, क्लच प्लेट जळलेली, धुकं एवढं की स्वतःचा हात दिसेना, आणि तो ड्रायव्हर मला म्हणाला, साहेब आधी चहा घ्या, गाडी कुठे पळत नाही. त्या रात्री क्लच का जळतो हे मी कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा जास्त शिकलो, लोड जास्त होता, गिअर चुकीचा होता, आणि मुळात ती गाडी घाटासाठी घेतलेलीच नव्हती, सपाट रस्त्याच्या ॲक्सल रेशोची, म्हणजे चढावर ताकद कमी पडणारी गाडी कोणीतरी स्वस्तात विकली होती. म्हणजे चूक ड्रायव्हरची नव्हती, विकणाऱ्याची होती. नंतर मी सेल्सला गेलो तेव्हा घाटात जाणार का हा प्रश्न रंग विचारायच्या आधी विचारायचो.

ट्रिपचं गणित, हे आलं नाही तर बाकी सगळं फुकट

कार विकणारा माणूस कारबद्दल बोलतो. ट्रक विकणाऱ्याने ट्रकबद्दल बोलूच नये, त्याने ट्रिपबद्दल बोलावं. समोरचा ट्रकमालक गाडी घेत नसतो, तो महिन्याच्या सात तारखेचा हप्ता घेत असतो. हे मी पोरांना कागदावर करून दाखवतो, आकडे समजायला म्हणून धरलेत, तुमच्या भागातले तुम्ही घाला.

समजा एक टिप्पर खडी वाहतो, दिवसाला ४ ट्रिप, ट्रिपला ३,००० रुपये, म्हणजे १२,००० आले. जाऊन-येऊन ट्रिपचे ६० किलोमीटर, दिवसाचे २४०. गाडी लिटरला साडेतीन देते, डिझेल ९० रुपये धरा, तर साधारण ६,१७० रुपये डिझेलमध्ये गेले. ड्रायव्हरचा रोज १,०००. टायर, ऑइल, इन्शुरन्स, टॅक्स मिळून दिवसाला १,२०० पडतात. हप्ता ७५,००० चा, महिन्यात २६ दिवस गाडी चालली तर दिवसाला २,८८५. सगळं वजा करा, मालकाच्या हातात राहतात जेमतेम ७४५ रुपये. बारा हजारांतले.

आता गंमत बघा. तीच गाडी साडेतीनच्या जागी चार द्यायला लागली, तर डिझेल ५,४०० वर येतं, ७७० वाचले, म्हणजे मालकाची कमाई डबल. गाडीची किंमत तुम्ही वीस हजारांनी कमी केली तर हप्त्यात त्याला दिवसाला पंधरा-वीस रुपये दिसणार, आणि सेल्सवाली पोरं त्या वीस हजारांसाठी महिनाभर भांडत बसतात. आणि गाडी एक दिवस वर्कशॉपमध्ये उभी राहिली तर? हप्ता आणि ड्रायव्हर काही थांबत नाही, ३,८८५ रुपये अंगावर, म्हणजे पाच दिवसांची कमाई एका दिवसात गेली. म्हणून मालक वर्कशॉपमध्ये ओरडतो. तो उद्धट नसतो, तो मनात हेच गणित करत असतो.

हे गणित आलं की तुमचं बोलणं बदलतं, आणि मालक तुमच्याकडे बघायची नजर बदलते. मी एकदा उसगाव-तिस्कच्या एका ट्रकमालकांना, वयाने माझ्या वडिलांएवढे, गाडी घेऊ नका म्हणून सांगितलं, कारण त्यांच्याकडे काम होतं चारच महिन्यांचं आणि हप्ते होते साठ. माझ्या त्या वेळच्या बॉसने माझी चांगलीच खरडपट्टी काढली, टार्गेटला एक गाडी कमी पडली होती. ते काका दोन वर्षांनी आले, सहा गाड्यांची ऑर्डर घेऊन, आणि शोरूममध्ये मला शोधत म्हणाले, "तो नको म्हणणारा बाब खंय आसा?", म्हणजे तो नको म्हणणारा साहेब कुठे आहे?

बॉडी आणि काम: इथेच खरी हुशारी

सेल्समध्ये चार-पाच वर्षं झाली की बहुतेक जण एरिया मॅनेजर होतात आणि तिथेच अडकतात, कारण त्यांना फक्त डिस्काउंट येतो. तुम्ही ह्या काळात ॲप्लिकेशन शिका, म्हणजे कुठल्या कामाला कुठली चॅसिस, किती व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), कुठली बॉडी.

साधी गोष्ट, जीव्हीडब्ल्यू म्हणजे भरलेल्या गाडीचं कायदेशीर एकूण वजन. तीन ॲक्सलच्या गाडीचं हे वजन आधी २५ टन होतं, जुलै २०१८ मध्ये सरकारने ते २८.५ केलं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की राहिला तो माल. म्हणजे बॉडीबिल्डरने "मजबूत करून देतो साहेब" म्हणत पाचशे किलो लोखंड जास्त घातलं तर ते पाचशे किलो प्रत्येक ट्रिपला मालकाच्या खिशातून जातं, गाडी भंगारात जाईपर्यंत. आणि कमी घातलं तर सहा महिन्यांत फ्लोअर फाटतो. ह्या दोघांच्या मधली रेषा कुठे आहे ते बॉडीबिल्डरच्या शेडमध्ये उभं राहूनच कळतं. ट्रकच्या बॉडीसाठी एआयएस-०९३ आणि बससाठी एआयएस-०५२ असे बांधणीचे कोड आहेत, ते वाचा, कंटाळवाणे आहेत पण वाचा, कारण मीटिंगमध्ये ते वाचलेला बहुतेक वेळा एकटाच असतो आणि सगळे मग त्याच्याकडे बघतात.

गोव्यात तर ह्याची शाळाच आहे. पणजीत फोंतेन्हासच्या गल्लीत कचऱ्याची मोठी गाडी वळत नाही, तिथे छोटी गाडी कचरा गोळा करून मोठीत टाकते आणि मोठी साळगावच्या प्लांटवर जाते, मग दोन्हींच्या मागच्या उंचीचा मेळ बसायला हवा, नाहीतर कामगार रोज बादलीने कचरा भरणार. ओल्या कचऱ्याचं पाणी साधा पत्रा कुरतडून टाकतं, वर समुद्राची खारी हवा, जी बॉडी सोलापुरात दहा वर्षं टिकते ती कळंगुटला चार वर्षांत चाळण होते, तेव्हा तळाचा पत्रा स्टेनलेसचा घ्यायला सांगा, महाग पडला तरी. आणि एक गोष्ट जी मी ठेच लागून शिकलो. एका ठिकाणी आम्ही सक्शन टँकर दिले, सर्व्हिस किलोमीटरवर ठरवलेली. गाड्या दिवसाला कशाबशा दहा-बारा किलोमीटर धावायच्या, पण पंप पीटीओवर, म्हणजे इंजिनचीच ताकद बाहेर देणाऱ्या जोडणीवर चालतो, म्हणजे गाडी जागेवर उभी आणि इंजिन सहा तास चालू. ओडोमीटरवर गाडी नवी कोरी, आतलं ऑइल डांबर झालेलं. दोन इंजिनं बसली तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला की अशा गाडीची सर्व्हिस तासांवर मोजायची असते. बीएस-सिक्स हा धुराचा नवा नियम आल्यापासून तर अजून भानगड, अशी सावकाश, थांबत-थांबत चालणारी गाडी सायलेन्सरमधल्या फिल्टरची काजळी जाळण्याएवढी तापतच नाही, फिल्टर चोंदतो, लाइट लागतो, ड्रायव्हर दुर्लक्ष करतो आणि एक दिवस गाडी रस्त्यात स्पीडच घेत नाही. ड्रायव्हरला उभ्या गाडीत रीजनरेशनचं, म्हणजे ती काजळी जाळायचं बटण कधी दाबायचं ते डिलिव्हरीच्या दिवशी शिकवा, हारतुरे आणि नारळ त्याच्यानंतर.

सरकारी गाड्यांचं म्हणाल तर टेंडर वाचायला शिका, जेम ह्या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर बिड कशी पडते, ईएमडी म्हणजे अनामत किती, स्पेसिफिकेशनमधली कुठली एक ओळ तुमची गाडी बाहेर काढते. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी भावाचे आलो म्हणून पेढे वाटू नका, पैसे कधी येणार ते आधी बघा. आमच्या एका ऑर्डरचं पेमेंट एवढं रखडलं होतं की त्याच्या व्याजात अजून एक गाडी आली असती.

गोव्याने शिकवलेला धडा

ही लाइन चढउताराची आहे. हे सगळे सांगतात, पण आम्ही डिचोलीवाल्यांनी ते अंगणात बघितलंय. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने. एप्रिल २०१४ मध्ये कोर्टाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, मग फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीझचं नूतनीकरण रद्द झालं आणि १६ मार्चपासून परत सगळं बंद. ट्रक दारात उभे, टायरवर वेली चढलेल्या, टिप्परच्या हौद्यात पावसाचं पाणी साचलेलं. खाणीसाठी बनवलेला टिप्पर दुसऱ्या कामाला सहजासहजी लागत नाही, आणि सगळ्यांनी एकदम विकायला काढले तर घेणार कोण. ज्यांनी पाचांपैकी दोन गाड्या तरी खडी-वाळूच्या किंवा बांधकामाच्या कामाला लावल्या होत्या ते कसेबसे तरले.

एक्झिक्युटिव्ह म्हणून ह्यातून काय घ्यायचं, तर एका ग्राहकावर, एका धंद्यावर, एका सरकारी निर्णयावर तुमचा अर्ध्याहून जास्त सेल उभा असेल तर झोपू नका. आणि तारखांची वही ठेवा. मार्च २०१७ च्या २९ तारखेला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस-थ्री गाडी विकता येणार नाही, मध्ये दिवस किती, मोजा. ज्यांच्या यार्डात स्टॉक होता त्यांनी मिळेल त्या भावाने गाड्या फुंकल्या. एप्रिल २०२० ला बीएस-सिक्स आलं, त्याच्या आधीच जुलै २०१८ च्या लोडच्या नियमाने आहेत त्याच गाड्या जास्त माल उचलायला लागल्या, मग नवीन गाडी कोण घेतो. २०२५ च्या २२ सप्टेंबरला जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्याच्या आधीचे काही आठवडे ग्राहक नुसता चहा पिऊन जायचा, वर पितृपक्ष. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा, त्याची नोटिफिकेशन डिसेंबर २०२३ मध्येच आली होती, म्हणजे दीड वर्षाहून जास्त वेळ होता, तरी ऐनवेळी धावणारे होतेच. ही वही मी अजून ठेवतो, साधी शाळेची, आणि एप्रिल, दसरा, मार्चएन्ड ह्यांच्या बाजूला लाल पेनाने काय येणार ते लिहितो. बाकीचे हुशार लोक ह्यासाठी कन्सल्टंट ठेवतात.

गोवा सोडायचा का

सोडायचा. मला माहीत आहे हे ऐकायला कोणाला आवडत नाही, आम्हाला रविवारी घरची हुमण, म्हणजे मासळीची आमटी नसली तर जीव कासावीस होतो. पण गोवा लहान आहे, इथे तुम्ही जास्तीत जास्त एका डीलरचे जनरल मॅनेजर व्हाल. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर ही पहिली उडी, भाषा जमते, शनिवारी चोर्ला उतरून घरी येता येतं. त्यानंतर मात्र लांब जा, एक पोस्टिंग अशी घ्या जिथे कोणी तुम्हाला ओळखत नाही. मला पूर्वेकडे कोळशाच्या पट्ट्यात पाठवलं तेव्हा मी तोंड पाडून गेलो आणि तिथे कळलं की खाण म्हणजे काय असतं, आमची खाण त्याच्यापुढे परसातली विहीर. आपल्या माणसाचा एक फायदा असा की मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी येतेच, कन्नड कळते, वेगवेगळ्या माणसांशी जमवून घ्यायची सवय लहानपणापासून असते. ती वापरा.

एमबीए करायचं का हे पण सगळे विचारतात. करा, पण पाच-सहा वर्षं काम करून. साखळीला जीआयएम, गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट, आहेच घरच्याघरी, बाहेरही पुष्कळ आहेत. लगेच केलं तर तुम्हाला प्रश्नच माहीत नसतात, उत्तरं घेऊन करणार काय. गिरीश वाघांचं उदाहरण बघा, पुण्यात मेकॅनिकल केलं, १९९२ साली टाटा मोटर्समध्ये ट्रेनी म्हणून लागले, आणि २००५ साली जी टाटा एस आली, आपण जिला छोटा हाथी म्हणतो, तिची टीम त्यांनी सांभाळली. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजिन, बस्स. पण त्या टीमने आधी तीनचाकी मालवाहू रिक्षावाल्यांना जाऊन विचारलं की तुम्हाला हवंय काय. आज वाघ त्या कंपनीचा पूर्ण कमर्शियल व्हेइकलचा धंदा बघतात. एकाच घरात राहून वर जाता येतं ह्याचं ते उदाहरण, मी स्वतः तीन नोकऱ्या बदलल्या, दोन्ही चालतं, दर अठरा महिन्यांनी उडी मारणं मात्र चालत नाही, कारण तुम्ही विकलेली गाडी तीन वर्षांनी कशी आहे ते बघायला तुम्ही तिथे नसता.

वरच्या खुर्चीचे आकडे

रिजनल मॅनेजरच्या पुढे गेलात की कोणी विचारत नाही किती गाड्या विकल्या, विचारतात पैसा कुठे अडकलाय. तीन आकडे रोज सकाळी बघायचे. एक, यार्डात उभ्या गाड्यांचे दिवस, प्रत्येक गाडीवर व्याज चढतंय, साठ दिवसांवर गेलेली गाडी मला रात्री स्वप्नात येते. दुसरा, उधारी, कोणाकडे किती आणि किती जुनी. तिसरा, ज्याला ॲब्सॉर्प्शन म्हणतात, म्हणजे वर्कशॉप आणि पार्ट्सच्या नफ्यातून डीलरशिपचा पगार, भाडं, लाइटबिल असा पक्का खर्च किती भागतो. महिन्याचा पक्का खर्च २० लाख आणि सर्व्हिस-पार्ट्सचा नफा १६ लाख असेल तर ८० टक्के. शंभरच्या जवळ असलेला डीलर मंदीत मरत नाही, चाळीसवाला पहिल्या वाऱ्यात जातो. मी डीलर बघायला गेलो की शोरूममध्ये बसतच नाही, सरळ मागे पार्ट्सच्या काउंटरला जातो, तिथली गर्दी बघितली की बॅलन्स शीट अर्धी कळते. आणि टॉयलेट बघतो, ड्रायव्हरांचं. हसू नका, ते स्वच्छ असेल तर बाकीचं बहुतेक ठीक असतं.

माणसांचं पण थोडं सांगतो. चांगला मेकॅनिक गेला तर चांगला सेल्समन गेल्यापेक्षा जास्त रडा. पोरं गल्फला जातात, जाणारच, त्यांना शिव्या देऊन पाठवू नका, परत येणारे कामाचे असतात. शिमग्याला आणि चवथीला सुट्टी मागितली तर द्या, तुम्ही नाही दिली तरी ते जाणारच आहेत, मग निदान आधी कळेल तरी.

इलेक्ट्रिकचं काय, हे आता दर बैठकीत येतं. छोट्या गाड्यांत ते आलेलं आहेच, टाटाने एसची इलेक्ट्रिक २०२२ मध्ये आणली, गोव्याच्या एसटीच्या, म्हणजे कदंबच्या इलेक्ट्रिक बसेस आपण रोज बघतो, आणि मोठ्या ट्रकसाठी केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत २०२५ पासून गाडीला कमाल ९.६ लाखांपर्यंत सबसिडी आहे. माझं मत विचाराल तर वर लिहिलेलं तेच ट्रिपचं गणित इथे लावा, फक्त डिझेलच्या जागी युनिट आणि पेलोडमधून, म्हणजे उचलायच्या मालातून, बॅटरीचं वजन वजा. कचऱ्याची गाडी, बंदरातला ट्रेलर, रोज तोच रस्ता आणि रात्री त्याच जागी उभी, तिथे ते जमतं. घाटात रेती ओढणाऱ्याला आज विकायला जाऊ नका.

आता ज्यांना खरंच सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी, इंटरव्ह्यूच्या आधीचा आठवडा असा घालवा. सकाळी साडेसहाला कुंडई किंवा वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या गेटबाहेर जा, गाड्या माल उतरवायला थांबलेल्या असतात, ड्रायव्हर रिकामे असतात. चहा पाजा, विचारा गाडी किती देते, वर्कशॉपमध्ये किती दिवस लागतात, केबिनमध्ये सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. पाच दिवसांत वीस ड्रायव्हर होतात, वहीत लिहून काढा, गाडीचं मॉडेल, रूट, लोड, तक्रार. ती वही इंटरव्ह्यूला सोबत न्या. मी आजवर शेकडो पोरांचे इंटरव्ह्यू घेतले, अशी वही आणणारे दोघेच भेटले, त्यातला एक साखळीचा होता, वही चहाच्या डागांनी भरलेली, आणि त्याला मी पगाराचा आकडा त्यानेच सांगायला लावला.